बाहुलीघरातला नळ कधी गळायला लागला

विंडसर कॅसलमध्ये एक बाहुलीघर आहे. राणी मेरीसाठी ते १९२४ साली पूर्ण झालं. त्याचा वास्तुविशारद म्हणजे आपली नवी दिल्ली आखणारा एडविन ल्युटेन्स. त्या घरातल्या नळांना पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट वरखाली होते. पण तिथे अंघोळीला कुणी जात नाही, म्हणून नळाचा वॉशर झिजत नाही की मोरी तुंबत नाही. बाहुलीघरांची ही रीत जुनीच. बव्हेरियाच्या ड्यूक आल्ब्रेख्त पाचव्याने १५५८च्या सुमारास असं घर करवून घेतलं, ते चार लोकांना दाखवायला. ॲम्स्टरडॅमच्या पेट्रोनेला ऊर्टमनने सतराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या बाहुलीघरावर इतका पैसा ओतला, की तेवढ्यात कालव्याकाठी खरं घर आलं असतं. आपल्या भातुकलीत निदान खोटा खोटा स्वयंपाक तरी होतो. या श्रीमंत घरांत सामान मांडलं की संपलं. मांडलेली वस्तू बिघडते, ती कुणाला तरी दुरुस्त करावी लागते, हा संसाराचा निम्मा भाग तिथे शिरलाच नाही.

तो शिरला कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि तिथेही लगेच नाही. १९८५ साली ॲक्टिव्हिजन कंपनीने ‘लिटल कॉम्प्युटर पीपल’ नावाचा गेम काढला होता. तीन मजली घराचा उभा छेद, आत एक माणूस आणि त्याचा कुत्रा. त्यांना दाणापाणी पुरवायचं, माणसाशी दोन शब्द बोलायचे. सामान मात्र आधीच लावून दिलेलं.

सामान खेळणाऱ्याच्या हाती दिलं ते विल राइटने. ‘सिमसिटी’ (१९८९) हा शहरं वसवायचा गेम करून त्याने नाव कमावलं होतं. क्रिस्टोफर अलेक्झांडरच्या ‘अ पॅटर्न लँग्वेज’ (१९७७) या वास्तुशास्त्रावरच्या पुस्तकाने तो भारावलेला होता. ऑक्टोबर १९९१मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसं गेली, हजारो घरं जळाली, त्यांत राइटचंही. मग टूथपेस्ट, मोजे, भांडी अशी एकेक वस्तू नव्याने आणताना आपल्याला नेमकं काय काय लागतं, याचा हिशेब त्याच्या डोक्यात सुरू झाला. मनात गेम होता तो घर बांधण्याचा. त्या घरात छोटी माणसं सोडायची ती केवळ परीक्षक म्हणून. ती सुखाने राहिली तर घर चांगलं. पुढे या परीक्षकांनीच गेम ताब्यात घेतला. ‘डॉलहाउस’ या नावाने त्याने ही कल्पना मांडली तेव्हा मॅक्सिस या त्याच्याच कंपनीत ती कुणाला रुचली नाही. बाहुल्यांचा खेळ मुलींचा, असं म्हणून नाकं मुरडली गेली. १९९७मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने मॅक्सिस विकत घेतली, आणि ४ फेब्रुवारी २००० रोजी ‘द सिम्स’ बाजारात आला.

त्यातली खरी करामत माणसांत नाही, सामानात आहे. हा धागा मुंग्यांपर्यंत जातो. राइटने १९९१मध्ये ‘सिमॲन्ट’ केला होता. मुंगीला फार अक्कल नसते. ती वाटेवर पसरलेल्या वासामागे जाते. ‘सिम्स’मध्ये तो वास सामानाला दिला. फ्रिज सतत जाहिरात करत असतो, माझ्याकडे या, भूक भागेल. पलंग झोपेची करतो, टीव्ही करमणुकीची. जवळून जाणारा सिम, म्हणजे गेममधलं छोटं माणूस, आपली गरज आणि अंतर ताडून त्यांतली एक हाक ऐकतो. फ्रिज उघडायचा कसा, हेसुद्धा फ्रिजच्याच प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं. त्यामुळे नवी वस्तू घरात आणली की सिमला काही शिकवावं लागत नाही. पहिल्या गेमला सात पुरवण्या जोडता आल्या, त्यामागे ही सोय मोठी होती.

म्हणूनच मांडणीला महत्त्व आलं. जमीन चौकटींची, वस्तू चार दिशांना फिरते, खरेदी करताना काळ थांबतो. नव्या कुटुंबाच्या हाती २०,००० सिमोलिऑन, हे गेममधलं चलन. फ्रिजसमोरची चौकट अडवली तर सिम उपाशी राहतो आणि हात हलवून तक्रार करतो. आणि मांडलेलं सामान जुनं होतं. त्याची किंमत उतरते, कमोड तुंबतो, सिंक गळून फरशीवर थारोळं होतं, आणि त्या घाणीने खोलीचा दर्जा घसरतो. दुरुस्तीचं कसब नसलेला सिम टीव्ही उघडायला बसला तर शॉक लागून मरूही शकतो. मेकॅनिक बोलवावा तर तो तासावर पैसे लावतो. राइटने मुलाखतींत सांगितलंय, की यात ग्राहकवृत्तीची थट्टा होती: वेळ वाचवण्याचं आश्वासन देऊन आलेल्या वस्तू शेवटी तुमचा सगळा वेळ खातात. माझ्या मते घरगुती वस्तूंबद्दल कुठल्याही खेळाने सांगितलेली ही सर्वात खरी गोष्ट.

खेळणाऱ्यांना थट्टा आवडली, पण दुरुस्ती नको होती. पैशांची पळवाट पहिल्याच गेममध्ये होती. एक सांकेतिक शब्द टाइप करा, हजार सिमोलिऑन घ्या. दुसऱ्या एका शब्दाने चौकटींचे नियमच गुंडाळता येत. ‘सिम्स २’ (२००४) त्रिमितीत गेला आणि २००८मध्ये त्यासाठी आयकियाच्या खऱ्या फर्निचरचा संच विकायला आला. हा बारकावा मला फार बोलका वाटतो: ज्या गेमने खरेदीची टिंगल केली, त्याच्यातच फर्निचरवाल्याचं शोरूम उघडलं. ‘सिम्स ३’ (२००९)मध्ये हात बसलेला सिम नळ असा काही दुरुस्त करू लागला, की तो पुन्हा बिघडणारच नाही.

‘सिम्स ४’ (२०१४) येईपर्यंत खेळणाऱ्यांची एक वेगळीच जात तयार झाली होती. हे लोक घर बांधतात, फुलदाण्या, पुस्तकं, उशा मिलिमीटरभर सरकवून फोटो काढतात, गेमच्या ऑनलाइन गॅलरीत चढवतात आणि पुढचं घर घेतात. सिमला खुर्चीपर्यंत पोचता येतं का, हे बघायला काळ सुरूही करत नाहीत. कंपनीने हे ओळखलं. २०२१पासून ‘किट’ नावाने एखाद्या खोलीपुरतं सामान सुटं विकायला काढलं, आणि ऑक्टोबर २०२२मध्ये मूळ गेम फुकट करून टाकला.