तळटीप : चौल

१. चौल : रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका खाडीच्या मुखाजवळचे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ म्हणून याचा उल्लेख येतो, इ.स. ९१५च्या सुमारास अरब प्रवासी अल-मसूदी येथे आला होता. शेजारच्या रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. आजही गावचा रस्ता त्याच्या तटातूनच आत शिरतो आणि पडक्या भिंतींलगत नारळी-पोफळीच्या वाड्या शिंपल्या जातात. चौलच्या रामेश्वर मंदिरातील पर्जन्यकुंड अवर्षणात उघडले की पाऊस पडतो, अशी श्रद्धा आहे. वाड्यांतल्या या अवशेषांची नोंद आणि निगा व्हायलाच हवी. एकेक चिरा निखळतो, तसा इतिहासाचा पुरावाही नाहीसा होतो. — संपा.