पालघाटीचा चौक आणि शांततेचे चित्र

सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंतीवर मीराबेनने हाताने उठवलेली ताडाची झाडे आणि चरखा आहेत. आमच्या बोरगाव मेघेहून ती कुटी फार लांब नाही. येणारा पाहुणा ती भिंत पाहून 'किती शांत!' म्हणतो. माती, झाड आणि बाईचा हात एकत्र आले की त्यातून शांततेचाच अर्थ निघतो, असे आपल्या पांढरपेशा कलासमीक्षेने ठरवून टाकले आहे. वारली चित्रांवरही तिने हाच अर्थ लादला. दिवाणखान्यातली, शाळेच्या कुंपणावरची वारली बाई झाडाखाली नाचते, पाणी भरते, आणि आदिवासी निसर्गाच्या कुशीत सुखी असल्याची ग्वाही देते. प्रश्न असा की, ही चित्रे जिने लिहिली ती बाई किती शांततेत जगत होती?

मूळ चित्र लग्नाचे. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात कुडाची भिंत शेणाने सारवायची, गेरू द्यायचा आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून सवाष्णींनी चौक लिहायचा. (सवाष्णींनीच! स्त्रीत्वाचा गौरव करणाऱ्यांनी ही अटही ध्यानात घ्यावी.) चौकात पालघाट देवी, भोवती झाडे, जनावरे, माणसे, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. पालघाट ही सुफलतेची देवी. पीक यावे, पोर जगावे, कूळ टिकावे, हे तिच्यापाशी मागणे. पोटाची भ्रांत असलेल्या समाजाचे हे मागणे आहे. त्याला विसाव्याचे चित्र म्हणणे हा भरल्या पोटाचा अर्थ झाला.

आणि ज्या लग्नासाठी चौक लिहायचा, त्याच लग्नासाठी सावकाराचे कर्ज काढावे लागे. ते फिटत नसे. नवरा मग 'लग्नगडी' होई. कर्ज त्याच्या नावाचे, पण वेठ दोघांची. बायको जमीनदाराच्या घरी राबे आणि तिथे तिच्या अब्रूला कोणी वाली नसे. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या पुस्तकात हे सारे लिहून ठेवले आहे. निसर्गाचे तरी काय? जंगल सरकारचे, गवत जमीनदाराचे. मे १९४५ मध्ये झरीला वारली जमले आणि वेठ व लग्नगडी नाकारण्याचा निर्धार झाला. पुढे पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला, आणि ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण पडले. ज्या गवताळ माळाला आपण शांतता म्हणून चौकटीत बसवतो, त्या माळाचा हा इतिहास आहे.

१९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही कला कागदावर आणि शहरात पोचली. जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा वादातीत आहे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. पण भिंतीवरच्या चित्राला सही नव्हती. कागदावर ती आली तेव्हा बहुतेक पुरुषांची आली. बायकांचा विधी पुरुषांचा व्यवसाय झाला. त्यातून काही घरांत पैसा आला, हे चांगलेच झाले. परंतु 'स्त्रीसुलभ शांती'च्या गप्पा मारणाऱ्या प्रदर्शनांत बाईचे नाव शोधावे लागते.

आपल्या विद्यार्थ्यांनी वारली चित्रांवर प्रबंध लिहायचा तर दालनांच्या आधी पाडे गाठावेत. चौक लिहिणाऱ्या म्हाताऱ्या बायांची नावे उतरवून घ्यावीत, आणि त्यांच्या आयांच्या लग्नाचे कर्ज किती वर्षांनी फिटले तेही विचारावे.