तारेखालची जमीन कुणाची? महाडचा दावा आणि जूचंद्रची शेते

"ती जागा सरकारचीच आहे." जूचंद्र, नायगाव, बापाणे या पट्ट्यात काम करताना हे वाक्य आमच्या कानावर वारंवार पडते. उच्चदाबाच्या विजेच्या तारा शेतांवरून, खाजणांवरून, मिठागरांच्या कडेने जातात. त्यांच्या खाली घर नसते, झाडे छाटलेली असतात. मोकळा, सरळ, लांबच लांब पट्टा. सुट्टीच्या दिवशी अशा पट्ट्यात जीपा शिरतात, मोठ्या चाकांच्या मोटरसायकली शिरतात, चिखल उडवतानाचे रील निघते. कुणी हटकले तर उत्तर ठरलेले: टॉवर सरकारचा, म्हणून खालची जमीन सरकारची, म्हणून ती सगळ्यांची.

या साखळीतली एकही कडी खरी नाही. आंबेडकरी तरुणाने तर ती मान्य करूच नये. वाट कुणाची, पाणी कुणाचे आणि जमीन कुणाची, हे तीन प्रश्न आपल्या चळवळीने रस्त्यावरही लढवले आणि कोर्टातही.

आधी तारेखालचा कायदा पाहू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. ज्या तरतुदींच्या आधारे हे मनोरे उभे राहिले त्या १८८५ च्या भारतीय तार कायद्यातल्या. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १६४ ने तेच अधिकार वीजवाहिन्या टाकणाऱ्यांना देता येतात. पण तार कायद्याचे कलम १० नीट वाचा. त्यात जमिनीची मालकी मिळत नाही, फक्त वापराचा हक्क मिळतो. शिवाय काम करताना कमीत कमी नुकसान करायचे आणि झालेल्या नुकसानीची पूर्ण भरपाई द्यायची, हेही तिथेच लिहिले आहे. गॅस किंवा तेलाची पाइपलाइन जमिनीखालून गेली तर १९६२ चा वेगळा कायदा लागू होतो, पण गाभा तोच: शेतकरी पूर्वीसारखी शेती करू शकतो, मात्र त्या पट्ट्यात घर बांधू शकत नाही, विहीर खोदू शकत नाही, झाड लावू शकत नाही. सातबाऱ्यावर मालकाचे नाव जिथल्या तिथे राहते.

म्हणजे कंपनीलाही तिथे तार ओढण्यापुरते आणि तिची देखभाल करण्यापुरतेच यायचे आहे. जो हक्क कंपनीकडेच नाही, तो जीपवाल्याकडे कुठून आला?

आता महाड. चवदार तळ्याची गोष्ट आपण १९ आणि २० मार्च १९२७ पर्यंत सांगतो, मग थेट २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहनाकडे येतो. मधला कोर्टाचा भाग गाळला जातो. आमच्या मते आजच्या तरुणांनी तोच सर्वांत बारकाईने वाचायला हवा.

सी. के. बोले यांच्या नव्हे, सी. रा. बोले यांच्याही नव्हे, तर सीताराम केशव तथा एस. के. बोले यांच्या ठरावाने, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये अस्पृश्यांना खुली केली. (भाषणांत हे नाव इतक्या तऱ्हांनी चुकते की एकदा नीट लिहिलेले बरे.) महाड नगरपालिकेनेही आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी तो ठराव पायांनी चालत जाऊन अमलात आणला. तेव्हा विरोधकांनी आधी काठ्या चालवल्या आणि नंतर वकील केला. डिसेंबर १९२७ मध्ये त्यांनी दिवाणी दावा लावला. दाव्यात काय म्हटले? तळे सार्वजनिक नाहीच, ते आमच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचे नाही अशी पूर्वापार वहिवाट आहे. डिसेंबरची परिषद भरायच्या तोंडावर त्यांना तात्पुरता मनाई हुकूमही मिळाला.

म्हणजे "खासगी मालमत्ता" हे शब्द आपल्याविरुद्ध वापरले गेले. पण त्यावर बाबासाहेबांनी काय केले, हे पाहा. मालकी ही गोष्टच झूट आहे, असे ते म्हणाले नाहीत. हजारो माणसे जमली होती, सत्याग्रह करायचाच असा जोर होता. तरीही कोर्टाचा हुकूम असताना पाण्याला हात न लावता मिरवणूक काढली गेली आणि भांडण पुराव्यावर नेले गेले. मालकी कोणाची, दाखवा. वहिवाट किती जुनी, सिद्ध करा. महाडचे कोर्ट, मग ठाण्याचे कोर्ट, मग मुंबई उच्च न्यायालय, असे दहा वर्षे चालले. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने निकाल दिला: पूर्वापार वहिवाटीचा दावा सिद्ध झालेला नाही. तळे सार्वजनिकच राहिले.

याच परिषदेतली दुसरी गोष्ट त्याहून कमी सांगितली जाते. मंडपासाठी जागा देऊ नका, असा सवर्णांचा दबाव होता. जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाची. खासगी जागा, मालकाला विचारून घेतलेली. ज्या गावात सार्वजनिक तळ्यासाठी लढा उभा राहिला, त्याच गावात दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर मंडप परवानगीनेच उभा राहिला. आपल्या माणसांना हा फरक तेव्हा स्वच्छ कळत होता.

काही मित्र इथे आम्हाला अडवतात. म्हणतात, मालमत्तेचा एवढा आदर कशाला? जमीनदारी, खोती, सावकारी हे सगळे मालमत्तेच्याच नावाने चालले ना? चालले. म्हणूनच १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. अलिबागजवळच्या चरीत नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला, त्या आगरी कुळांच्या पाठीशी बाबासाहेब उभे राहिले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याची योजना मांडली. पण तीही भरपाई देऊन आणि राज्यघटनेत लिहून. कुणीही उठावे आणि शेजाऱ्याच्या वाफ्यातून गाडी घालावी, अशी ती योजना नव्हती.

आणि जूचंद्रसारख्या आगरी गावात, किंवा आसपासच्या पाड्यांवर, ही "मालमत्ता" नेमकी कुणाची असते? कूळ कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळांना मालकीच्या दारात आणले. या पट्ट्यातले कित्येक पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे त्या हक्काच्या वाटण्या होत होत उरलेले आहेत. आदिवासींच्या जमिनी परक्यांच्या हाती जाऊ नयेत म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६ आणि ३६ अ आहेत. अशी जमीन मोकळी दिसली की ती कुणाचीच नाही, असे शहरातून आलेल्या माणसाला वाटते. बंगल्याच्या हिरवळीबद्दल त्याला तसे कधी वाटत नाही.

हे "मोकळी म्हणजे कुणाचीच नाही" आपण महार वतनाच्या जमिनींबाबत भोगले आहे. १९ मार्च १९२८ ला बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते वेठबिगारीची साखळी तोडायला. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीवर परत देण्याची तरतूद झाली, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशी. तरीही त्या किती हातातून गेल्या, हे प्रत्येक तालुक्यातल्या आपल्या म्हाताऱ्यांना विचारा. सुरुवात बहुधा खरेदीखताने होत नाही. आधी बांधावरून कुणाची तरी गाडी जाऊ लागते. मग चाकोरी पडते. मग त्या चाकोरीला रस्ता म्हणतात. मग रस्त्याच्या आधाराने प्लॉट पडतात.

खारजमिनीत तर चाकोरी स्वतःच नुकसान करते. बांध मातीचा असतो. जड गाडी दोन-चार वेळा चढली की तो खचतो, आणि उधाणाला खाडीचे पाणी भातशेतात आले की त्या शेताचे खारेपण पुढची काही वर्षे जात नाही. रील मात्र अर्ध्या मिनिटाचे असते.

वसई तालुक्याचा आणखी जुना एक पुरावा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला आणि त्याच सुमारास तिथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्ण मजकूर गिरनारसारख्या इतर ठिकाणांवरून कळतो. अशोक सांगतो की पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकार आणि मौज करत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची भेट, आणि जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या माणसांची भेट. दुसऱ्याच्या मुलखातून मौजेसाठी धावणे आणि त्या मुलखातल्या माणसाला भेटायला जाणे, हा फरक अशोकाने दगडावर कोरला आणि त्याचा एक तुकडा आपल्या शेजारी निघाला. १४ एप्रिलला निळे झेंडे लावून निघणाऱ्या आपल्या बाईक रॅलीने नेहमीचा रस्ता सोडून कुणाच्या शेताचा शॉर्टकट घेण्याआधी हा लेख आठवावा. चिखलातल्या मोटरसायकलींवर 'जय भीम'चे स्टिकर आम्ही पाहिले आहेत, म्हणून हे लिहितो आहोत.

याचा अर्थ "खासगी मालमत्ता" अशी पाटी दिसली की मान खाली घालून मागे फिरावे, असा नाही. नव्या गृहसंकुलांच्या भिंती जुन्या पायवाटा गिळतात. वस्तीतून स्टेशनकडे, स्मशानाकडे, पाणवठ्याकडे जाणारी वाट बंद होते. तिथे महाडसारखे कागद मागायचे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(झेडए) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला रस्ता, वाट, पाणवठा, स्मशानभूमी इतरांच्या बरोबरीने वापरण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. गरजेची वाट आणि मौजेची वाट यांत कायदाही फरक करतो.

शेतकऱ्यानेही गप्प बसू नये. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १५ प्रमाणे एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, शांततेत, विनाअडथळा आणि हक्काने वापरली गेली तर तिचा कायमचा हक्क तयार होऊ शकतो. जीपवाल्याला तो मिळणार नाही, कारण त्याची शेजारी जमीनच नाही. शेजारचे प्लॉट घेऊन बसलेल्या विकासकाला मात्र मिळू शकतो. परवानगीने झालेला वापर हक्क बनत नाही, म्हणून कुणाला जाऊ द्यायचे असेल तर चार ओळींची लेखी परवानगी द्यावी आणि प्रत जपून ठेवावी. टॉवरच्या भरपाईसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या १५ ऑक्टोबर २०१५ च्या सूचनांत मनोऱ्याखालच्या जमिनीला किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत असा दर होता. जून २०२४ च्या सूचनांनी तो २०० आणि ३० टक्क्यांवर नेला. आपल्या तुकड्याला नेमके काय मिळाले, हे तहसील कार्यालयात विचारावे. आणि शेतीच्या जमिनीत कुणी बेकायदा घुसून कब्जात अडथळा आणत असेल, किंवा शेताची वहिवाटीची वाट अडवत असेल, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मुदत सहा महिन्यांची आहे, अडथळा आला त्या दिवसापासून मोजायची.