हिल्व्हरसमचे नगरभवन

आपल्या मंडळाच्या वास्तूचा विषय निघाला, की आधी शिवणाचे वर्ग की आधी सभागृह, यावर हमखास वाद होतो. हॉलंडमधील एका उपनगरालाही असा प्रश्न पडला होता. त्याची हकीकत भगिनींना आवडेल असे वाटते.

अ‍ॅमस्टरडॅमपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरील हिल्व्हरसम हे मूळचे विणकरांचे खेडे. 1766 च्या आगीत त्याचा बराच भाग जळाला. 1874 मध्ये आगगाडी आली आणि राजधानीतील सधन मंडळी येथील मोकळ्या हवेत बंगले बांधून राहू लागली. पुढे रेडिओचा कारखाना व ध्वनिक्षेपण संस्था आल्या. युरोपातील जुन्या रेडिओंच्या तबकडीवर या गावाचे नाव छापलेले असे. 1900 च्या सुमारास वीस हजारांची वस्ती 1930 पर्यंत पन्नास हजारांवर गेली. गंमत अशी, की नगराची जुनी सनद या गावाला कधीच मिळाली नाही!

1915 साली विलेम डुडॉक हे लष्करी इंजिनियर येथे बांधकामप्रमुख म्हणून आले. नगरभवन हवेच होते. परंतु त्यांची पहिली वर्षे कामगारांची घरे आणि शाळा बांधण्यातच गेली. नगरभवनाचा आराखडा 1924 मध्ये तयार झाला, तोही पैशाअभावी कागदावरच राहिला. काम निघाले 1928 मध्ये, आणि 1931 साली इमारत उभी राहिली.

पण काय इमारत! पिवळ्या विटांच्या, सपाट छपरांच्या बैठ्या भिंती, एका बाजूस उंच घड्याळाचा मनोरा, पुढे तळे आणि त्यात साऱ्याचे प्रतिबिंब. खांबांची आरास नाही, पुतळ्यांची गर्दी नाही. आतील टेबले-खुर्च्या, घड्याळे, इतकेच नव्हे तर नगराध्यक्षांची सभेतील हातोडीसुद्धा डुडॉक यांनीच आखली. हा हट्ट काहींना अति वाटेल. मला तर घर लावणाऱ्या गृहिणीचाच वाटतो.

याच डुडॉक यांनी कलकत्त्याचे लाइटहाउस चित्रपटगृह आखले होते. ते आता चित्रपटगृह राहिलेले नाही. हिल्व्हरसमचे भवन मात्र 1990 च्या दशकात मोठी दुरुस्ती करून जपले गेले. तेथे नोंदणी-विवाहासाठी स्वतंत्र दालन आहे. त्यामुळे कराची पावती घेऊन कोणी बाहेर पडावे, तो समोरून फुले घेतलेली नवरी आत येत असावी.