प्रवेश मिळाला, पण अटींवर

आजची गोष्ट १९३३ सालची.

मुंबई विद्यापीठात बीएस्सीला पहिली आलेली कमला भागवत बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज करते. दुर्गाबाई भागवतांची ही बहीण. वडील आणि काका याच संस्थेत शिकलेले केमिस्ट. मार्क आहेत, घरात विज्ञान आहे. मग अडलं कुठे? संचालक होते नोबेलविजेते सी. व्ही. रामन. त्यांनी नकार दिला. कारण एकच: अर्जदार मुलगी आहे.

कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, कामाबद्दल रामन यांचं समाधान झालं तरच पुढे. आणि हो, मुलग्यांचं लक्ष विचलित होता कामा नये! म्हणजे बघा, परीक्षा विज्ञानाची होतीच, वर मुलगी असण्याचीही.

त्यांना मार्गदर्शक मिळाले श्रीनिवासय्या. शिस्तीचे कडक, पण कडकपणा कामापुरता. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरानंतर रामन यांचं समाधान झालं आणि मुलींसाठी संस्थेचं दार उघडलं. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या, १९३९ मध्ये पीएचडी घेतली आणि नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये स्वतः शिकवू लागल्या. आपण त्यांना ओळखतो ते कमला सोहोनी म्हणून.

आता मला यातला खरा प्रश्न वाटतो तो असा: समोर उभी असलेली व्यक्ती कोण आहे, यानं फरक पडतो का?

अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीत विद्यार्थ्यांना प्राध्यापक निवडता येत नाही, म्हणून तिथे हे नीट तपासता आलं. २०१० साली कॅरेल, पेज आणि वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी निष्कर्ष मांडला: गणित-विज्ञान शिकवायला बाई असतील तर मुलींचे निकाल सुधारतात आणि त्या विषयांत पुढे जाण्याची शक्यताही वाढते. गणितात हुशार मुलींच्या बाबतीत हे सगळ्यात ठळक. मुलग्यांवर मात्र फारसा परिणाम नाही.

म्हणजे फरक पडतो. पण श्रीनिवासय्या पुरुषच होते ना! म्हणून मला वाटतं, आपल्यासारखं कुणी फळ्यापाशी दिसलं की विश्वास मिळतो, पण तसं कुणी नसेल तेव्हा जबाबदारी समोरच्या शिक्षकाची असते. कमलाबाई टिकल्या म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. अटी ऐकून ज्या परत गेल्या असतील, त्यांची नावं कुठेच नाहीत.

तुम्हाला विज्ञान कुणी शिकवलं? त्या वर्गात कुणाला प्रश्न विचारायची भीती वाटायची? जरा आठवून बघा. भेटू पुढच्या भागात!