शाळा कोणाच्या हाती?

घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठिकाण. ज्या गावाचे नाव तालुक्याला आहे ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात बुडाले. कचेऱ्या मात्र घोडेगावात शाबूत आहेत. येथे पंचायत समिती आहे, तिच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळा. येथेच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, त्याच्याकडे आश्रमशाळा. भीमाशंकरच्या बाजूच्या डोंगरातला मास्तर कोणत्याही कामासाठी यांपैकी एका कचेरीचा जिना चढतो. छप्पर गळते, मास्तर कमी आहे, पट घसरला आहे. सगळ्याचा निर्णय वरून यायचा असतो. म्हणून अलीकडे शिक्षणसुधारणेच्या चर्चेत एक मागणी वारंवार ऐकू येते : शाळेचा अधिकार स्थानिक शिक्षकाच्या आणि गावाच्या हाती द्या.

मागणी गोड आहे. पण आपण दलितांनी ती ऐकताना इतिहास विसरता कामा नये. कारण ‘गावाच्या हाती’ हे शब्द उच्चारले की आमच्या घरात एक जुनी आठवण जागी होते.

माझे वडील १९३०च्या सुमारास एका खेड्यातल्या शाळेत जात. शाळेत जात म्हणजे शाळेच्या पडवीपर्यंत जात. मास्तर वाईट नव्हता. ‘पोर हुशार आहे’ असे तो आजोबांना सांगे. पण त्याला राहायला घर पाटलाने दिलेले, दूध-धान्य गावातून यायचे. वडिलांना आत बसवले तर उद्या त्याची चूल पेटणार नव्हती. वर्षातून एकदा दिपोटी तपासणीला येत. त्या दिवशी वडील आत, इतर मुलांच्या ओळीत बसत. दिपोटींची घोडी वेशीबाहेर पडली की पुन्हा पडवी. वडील म्हणत, ‘मी वर्षातून एक दिवस विद्यार्थी होतो.’

या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे दोन्ही पदर आहेत. दूरच्या सत्तेने वडिलांना एक दिवस दिला; जवळच्या सत्तेने उरलेले सगळे दिवस काढून घेतले. आणि मधे उभा असलेला मास्तर, ज्याला खरे काय ते कळत होते, त्याच्या हाती काहीच नव्हते.

हा पेच जोतीराव फुले यांनी फार आधी ओळखला होता. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात त्यांनी मास्तराविषयी जे म्हटले ते तितके वाचले जात नाही. मास्तर शेतकरी वर्गातून यावा, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरायला त्याला लाज वाटू नये, खालच्या थरांत तो सहज मिसळावा, असे त्यांचे म्हणणे. त्याचा पगार वाढवावा. शिवाय गावचे हिशेब, दस्तनोंदणी, टपाल, स्टॅम्पविक्री अशी कामे त्याच्याकडे देऊन गावात त्याचे वजन वाढवावे. म्हणजे स्थानिक शिक्षकाला अधिकार देण्याचा विचार परदेशातून आलेला नाही. तो पुण्यात जन्मला आहे.

परंतु याच जोतीरावांनी नगरपालिकांविषयी उलटी भूमिका घेतली. त्यांच्या हद्दीतील प्राथमिक शाळांचा खर्च त्यांनी उचलावा, पण व्यवस्थापन संपूर्णपणे त्यांच्या हाती देऊ नये. शाळांवर देखरेख विद्याखात्याचीच असावी, असे त्यांनी स्पष्ट मांडले. वरवर ही विसंगती वाटेल. ती तशी नाही. नगरपालिकेत कोण बसतो हे जोतीरावांनी जवळून पाहिले होते. मास्तराला बळ द्यावे, पण पुढाऱ्यांना शाळेची मालकी देऊ नये, हा त्या भूमिकेचा गाभा आहे.

पुढे घडले ते नेमके याच्या उलट. १९२३च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा सरकारच्या खात्याकडून स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे सोपवण्याचा मार्ग धरला. स्वराज्याच्या दिशेचे पाऊल म्हणून त्याचे स्वागत झाले. पण स्थानिक स्वराज्यात ‘स्व’ कोण होता? जमीनदार, सावकार, वतनदार. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध उभे राहिलेले कित्येक ब्राह्मणेतर पुढारीही महारवाड्याचा प्रश्न आला की गावाच्या बाजूने बसले, हे कटू असले तरी लिहिले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मे १९२८मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी निवेदन दिले. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला, त्या प्रकरणापासूनचा इतिहास त्यांनी त्यात मांडला. आणि निष्कर्ष काढला तो असा, की १९२३चा कायदा रद्द करून शाळा स्कूल बोर्डांकडे सोपवणे थांबवले नाही, तर अस्पृश्यांच्या शिक्षणाची मोठी पीछेहाट होईल. १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर कायदेमंडळात आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याविषयी जे परखड विचार मांडले, त्यांच्याशी ही भूमिका सुसंगतच होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एका शाळेत बसवले, तेही गावाला विचारून नव्हे, राजाच्या हुकुमाने.

तेव्हा कोणी म्हणेल, इतिहासाचा निकाल लागला. सत्ता वरच राहू द्या. मला तसे वाटत नाही. १९३८च्या दुरुस्तीने आणि १९४७च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने बरेचसे नियंत्रण पुन्हा सरकारकडे आले. १ मे १९६२पासून जिल्हा परिषदा आल्या. कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात जवळजवळच्या शाळांचे समूह करून त्यांना निर्णयाचे स्वातंत्र्य द्यावे असे सुचवले. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या कल्पनेच्या जवळचे रूप म्हणून आपल्याकडे केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख आले. पण स्वातंत्र्य आले नाही. केंद्रप्रमुख वरचे आदेश खाली आणि खालची माहिती वर पोचवणारा माणूस झाला. दिपोटी गेला, त्याच्या जागी तक्ते आले.

या काळात एक गोष्ट मुळापासून बदलली आहे आणि तिची दखल आपल्या चळवळीने पुरेशी घेतलेली नाही. १९२८ साली गाव शाळेत बसले होते आणि आपण पडवीत होतो. आज गाव शाळेतून उठून गेले आहे. ज्यांना परवडते त्यांची मुले पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी माध्यमाकडे जातात. जिल्हा परिषदेच्या वर्गात उरली आहेत ती बहुतेक दलितांची, महादेव कोळी आणि ठाकरांची, भटक्यांची, शेतमजुरांची मुले. ज्या ओट्यासाठी आपले बापजादे अपमान गिळत होते, तो सगळा वर्ग आता आपल्या हाती आला आहे. आणि नेमक्या याच वेळी सरकारला शाळा तोट्याच्या वाटू लागल्या आहेत. २०१७च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून मुले दुसरीकडे हलवण्याचा निर्णय झाला. २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटासाठी ‘समूह शाळा’ पुढे आली. कोठारी आयोगाचा समूह शाळा टिकवण्यासाठी होता. हा समूह त्या मिटवण्यासाठी आहे. डोंगरातल्या सात वर्षांच्या मुलीला श्रावणात ओढा ओलांडून दुसऱ्या वाडीत जाता येईल का, हे तिच्या मास्तराला माहीत असते. त्याला कोणी विचारत नाही.

कायद्यात जागा नाही असे नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व सांगितले आहे. १९२३च्या स्कूल बोर्डात आणि या समितीत हाच फरक आहे : तिथे गावाचे पुढारी बसले, इथे ज्याचे मूल वर्गात आहे तो बसायचा आहे. पण या समितीला मास्तराच्या नेमणुकीत वा बदलीत शब्द नाही. अनुसूचित क्षेत्रात, ज्यात आंबेगाव-जुन्नरचा पश्चिम पट्टा येतो, शिक्षकासारखी पदे स्थानिक आदिवासींतून भरण्याची अधिसूचना राज्यपालांनी ९ जून २०१४ रोजी काढली. जोतीरावांच्या मागणीचेच ते रूप होते. पुढे एप्रिल २०२०मध्ये आंध्रातील अशाच शंभर टक्के आरक्षणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि आपल्याकडच्या या भरतीवरही प्रश्नचिन्ह उभे राहिले.

म्हणून माझे म्हणणे असे. अधिकाराचे गाठोडे एकच नाही. ते सोडून वाटले पाहिजे. प्रवेशाचा हक्क, समतेची वागणूक, पैसा आणि मास्तरांची पुरेशी संख्या ही शासनाची जबाबदारी. तिच्यातून त्याला सुटू देऊ नये. स्थानिक स्वातंत्र्याच्या नावाखाली शासन हात झटकणार असेल तर ते स्वातंत्र्य नव्हे, बेवारसपणा आहे. काय, कोणत्या बोलीतून आणि कोणत्या वेळापत्रकाने शिकवायचे, शाळेचे थोडके पैसे कशावर खर्चायचे, हे मास्तराने ठरवावे. आणि शाळा बंद होणार की राहणार, यात ज्यांची मुले तिथे शिकतात त्यांचा होकार बंधनकारक असावा.

वडिलांचा मास्तर मला अजून आठवतो, मी त्याला कधी पाहिले नसले तरी. त्याला गावाचे भय नसते आणि दिपोटीची वाट पाहावी लागली नसती, तर त्याने काय केले असते? वडिलांची खात्री होती, की त्याने त्यांना आत घेतले असते. त्या मास्तराला निर्भय करणे, हे काम अजून बाकी आहे.