महाडला पूर का येतो, दरड कुठे पडते? २००५ ते २०२१ चा इतिहास आणि पावसाळ्यात लक्षात ठेवायच्या गोष्टी

महाड : जुलै लागला की महाडच्या बाजारपेठेतले व्यापारी खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर चढवायला लागतात. कोणी सांगावं लागत नाही. सावित्रीचं पाणी गावात येणं महाडकरांना नवीन नाही, पण गेल्या वीस वर्षांत जे घडलं ते जुन्या माणसांच्या हिशोबातही बसत नाही.

आधी पाणी येतं कुठून ते बघू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूरमार्गे महाडला येते. बिरवाडीच्या बाजूने काळ नदी तिला मिळते आणि शहराला अगदी लागून गांधारी. म्हणजे महाडात पावसाचा थेंब नसला तरी महाबळेश्वरला किंवा रायगडाच्या डोंगरात धो-धो कोसळला की काही तासांत पाणी खाली येतं. घाट उभा, उतार तीव्र, त्यामुळे नदीला चढायला वेळ लागत नाही. रात्री झोपताना पात्रात असलेलं पाणी पहाटे उंबऱ्याला लागतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट भरतीची. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबतं दासगाव-महाडपर्यंत येत, म्हणूनच इथे बाजारपेठ वसली. ज्या पाण्याने पेठ मोठी केली तेच आता तिला बुडवतं. बाणकोटच्या खाडीतून भरती आत चढली की वरून आलेल्या पुराला पुढे सरकायला जागा मिळत नाही, पाणी तुंबतं आणि शहरात पसरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, त्या दिवसांत धोका वाढतो. २०२१ चा पूर २२ जुलैचा आणि पौर्णिमा दोनच दिवसांवर होती.

भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आजही कामाची आहे. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास किनाऱ्यावर पूर्ण भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. साधारण बारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती येते. वद्य पक्षात मोजणी परत प्रतिपदेपासून सुरू होते. हा अंदाज किनाऱ्याचा आहे, महाडपर्यंत पाणी चढायला त्याहून जास्त वेळ लागतो. मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक मिळतं, पण रेंज गेली की कालनिर्णयच उपयोगी पडतं.

पात्रात साचलेला गाळ हे तिसरं कारण. २०२१ नंतर सावित्रीतला गाळ आणि बेटं काढण्याचं काम हाती घेण्यात आलं. दासगाव परिसरातल्या कोकण रेल्वेच्या भरावामुळे पाणी अडतं असं स्थानिकांचं जुनं म्हणणं आहे आणि तिथे पाण्याला जास्त वाट द्यावी ही मागणीही तितकीच जुनी. गाळ मात्र एकदा काढून भागत नाही. डोंगर उघडे पडतील तसा तो दरवर्षी येणारच.

दरडींचा तालुका

पुरात घरातलं सामान जातं, दरडीत आख्खी वाडी जाते. २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात सर्वाधिक जुईतली. त्याच वेळी मुंबई बुडाल्यामुळे देशाचं लक्ष तिकडे होतं, महाडच्या डोंगरातली बातमी उशिरा पोचली.

सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ ला, तळिये गावात तेच झालं. ऐंशीहून जास्त बळी. रस्ते पाण्याखाली आणि ठिकठिकाणी दरडी, त्यामुळे बचाव पथकं दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर गावकऱ्यांनीच हाताने माती उपसली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत माणसं दगावली, आणि खाली महाड शहरात कित्येक घरांचा तळमजला पूर्ण पाण्यात होता. महाबळेश्वरला त्या २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, म्हणजे जवळजवळ दोन फूट.

डोंगर असा का सुटतो? खाली कातळ, वर मातीचा आणि झिजलेल्या दगडाचा थर. दोन-तीन दिवस सलग पाऊस मुरला की हा थर जड होतो, कातळावरची पकड सुटते आणि सगळं एकदम घसरतं. उतार तोडून रस्ता किंवा घर काढलं, झाडं गेली, की हे लवकर होतं.

दरड पडण्याआधी डोंगर बऱ्याचदा खुणा दाखवतो. जमिनीला किंवा भिंतीला नव्या भेगा, झाडं-विजेचे खांब कलणं, दारं अचानक अडकणं, झऱ्याचं पाणी गढूळ होणं, चालू झरा आटणं किंवा नव्याच जागी पाणी फुटणं, डोंगरातून घरघर आवाज. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. उताराखालून बाजूला निघावं, ओढ्याच्या काठाने जाऊ नये आणि खाली जमून बघत थांबू नये. गुरांची दावी सोडून द्यावीत.

पूल आणि वादळ

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर गाड्या अंधारात नदीत गेल्या, सुमारे चाळीस जणांचा मृत्यू झाला. तो दिवसही अमावास्येचा. नवा पूल जून २०१७ मध्ये सुरू झाला. गावागावातल्या ओढ्यांवरचे साकव मात्र जुनेच आहेत. पाणी वरून जात असताना मोटारसायकल घालणारे दरवर्षी दिसतात.

३ जून २०२० चं निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं आणि महाडपर्यंत कौलं-पत्रे उडवत गेलं. भूकंपाच्या नकाशात रायगड जिल्हा चौथ्या झोनमध्ये येतो, हे घर बांधताना फार कोणी विचारात घेत नाही.

पाणी किती चढलं की हलायचं?

महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५ मीटर आहे. दोन्हीत फक्त अर्ध्या मीटरचा फरक, त्यामुळे इशारा पातळी ऐकली तेव्हाच म्हातारी माणसं, लहान मुलं आणि गाड्या उंचावर न्याव्यात. महाबळेश्वर-पोलादपूरला रेड अलर्ट असेल आणि भरतीची वेळ जवळ असेल तर पातळीचीही वाट बघू नये. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲप मोबाईलवर मराठीत इशारे देतं. जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७, कुठल्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८.

सातबारा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक यांचे फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाईलवर ठेवावेत. नुकसान झालं तर चिखल काढायच्या आधी घराचे, दुकानाचे, मेलेल्या जनावरांचे फोटो घ्यावेत आणि तलाठ्याला कळवून पंचनामा करून घ्यावा. साफसफाई आधी आणि पंचनामा नंतर झाला की नुकसान दाखवता येत नाही, आणि भरपाई तिथेच अडते.